काकी, तुझ्या कम्प्युटरात कोणी शिरलेलं नाही

काल डिचोलीहून काकीचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं घरात कोणी पडलं. निघालं एक फॉरवर्ड: "सावधान! मुलं घरच्या कम्प्युटरवर 'बॉइंक' टाकतात. परदेशातला सर्व्हर रात्री आत शिरतो, बँकेचे पासवर्ड वाचतो, बिटकॉइन काढतो. बिल तिप्पट येतं. लाइट गेली की हार्डडिस्क जळते." बॉइंक म्हणजे घरच्या कम्प्युटरची रिकामी ताकद विज्ञानाच्या प्रकल्पांना वापरू देणारं सॉफ्टवेअर. तिच्या बारावीतल्या मुलाने ते आइनस्टाइन ॲट होम या खगोलाच्या प्रकल्पासाठी टाकलं होतं. काकीने मेसेज वाचला आणि चालू कम्प्युटरची वायरच उपटली.

मी फोंड्याला एका लॅबमध्ये मशीनना कामं वाटणारा सर्व्हर सांभाळतो. तो बॉइंकचा नाही, एचटीकाँडोरचा, पण जातकुळी एकच. त्यामुळे हा मेसेज वाचून माझं डोकं फिरलं.

"सर्व्हर आत शिरतो" हे तर साफ उलटं आहे. बॉइंकचा सर्व्हर कोणाच्या दारात जात नाही. तुमच्या मशीनवरचा क्लायंट, म्हणजे तुम्ही टाकलेलं बॉइंकच, त्याच्याकडे जाऊन काम मागतो आणि झालं की उत्तर नेऊन देतो. मुलाला मी वायर परत जोडायला आणि बॉइंकचा इव्हेंट लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडायला सांगितलं. त्याने फोनवर वाचून दाखवलं: शेड्युलरला (सर्व्हरचा कामं वाटणारा भाग) विनंती पाठवली, काम हवंय. दोन सेकंदांनी पुढची ओळ: नवीन टास्क शून्य. म्हणजे चोर आलाच नव्हता. आमचंच पोर सर्व्हरचं दार वाजवून रिकाम्या हाताने परतलं होतं!

बरं, सर्व्हरचा तरी आपल्यावर भरवसा आहे का? बरेच प्रकल्प एकच काम दोन अनोळखी मशीनना देतात आणि उत्तरं जुळली तरच घेतात. नाही जुळली तर तिसऱ्याला.

पासवर्डच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. विंडोजवर नेहमीच्या पद्धतीने टाकलं तर प्रकल्पाचा प्रोग्राम तुमच्याच खात्याखाली चालतो, म्हणून प्रकल्प ओळखीचा हवा. पण वाटेतल्या कोणीही भलता प्रोग्राम सरकवावा, तसं होत नाही. बॉइंक उभं करणारे डेव्हिड अँडरसन यांनी 'जर्नल ऑफ ग्रिड कम्प्युटिंग'मध्ये सगळी रचना मांडली आहे. प्रोग्रामवर डिजिटल सही असते आणि ती करायची गुप्त किल्ली नेटला न जोडलेल्या मशीनवर ठेवायची असते. सर्व्हर फोडला तरी सही करता येत नाही, आणि सही जुळली नाही तर क्लायंट तो प्रोग्राम चालवत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं वाचलं असतं तर काकीची झोप वाचली असती.

बिटकॉइन? घरच्या प्रोसेसरवर ते काढायचे दिवस कधीच गेले. बॉइंकच्या कामावर ग्रिडकॉइन नावाचं नाणं देणारी वेगळी योजना आहे खरी, पण तिच्यात आपणहून नाव घालावं लागतं. आइनस्टाइनवाले पल्सार, म्हणजे गरगर फिरत ठराविक ठेक्याने लहरी सोडणारे मेलेले तारे, शोधतात. 2010 मध्ये लोकांच्या घरच्या कम्प्युटरांनी अरेसिबो दुर्बिणीच्या डेटात एक शोधलासुद्धा.

बिलाचं म्हणाल तर माझ्या डेस्कटॉपला मीटर लावून बघितलं, बॉइंक चालू आणि बंद यातला फरक 40 वॉटच्या आसपास. रोज 8 तास म्हणजे महिन्याला साडेनऊ युनिट. छताचा जुना 75 वॉटचा पंखा तेवढ्याच वेळात 18 खातो. फक्त यासाठी मशीन रात्रभर जागवलं तर जास्त, आणि मे महिन्यात लॅपटॉपवर चालवणार असाल तर बॉइंकला प्रोसेसर किती वापरू द्यायचा ती टक्केवारी उतरवा.

ज्यात खरंच अडकायला होतं, ते मात्र मेसेजमध्ये नाही. ऑफिसच्या मशीनवर न विचारता असलं काही टाकू नये. अमेरिकेत जॉर्जियात एका कॉलेजच्या कर्मचाऱ्याने टाकलं, तर फौजदारी गुन्हा दाखल झाला. 2002 मध्ये ते प्रोबेशनवर मिटलं.

राहिली लाइट. ती पावसात डिचोलीला जायचीच. क्लायंट आणि प्रोग्राम अधूनमधून झालेलं काम डिस्कवर टिपून ठेवतात. अचानक वीज तुटणं डिस्कला वाईटच, पण ते बॉइंक असो वा नसो. आणि या घरात वीज तोडली कोणी, तर काकीने! वायर परत जोडल्यावर तिच्या मुलाचं अर्धवट टास्क 63 टक्क्यांवरून पुढे चालू झालं.