शिबिरे पुरे झाली, वस्तीत कायमचे टेबल हवे

कायदेविषयक मार्गदर्शन शिबिरात भाषणासाठी बोलावणे आले की अलीकडे मी नाही म्हणते. काही स्नेही त्यामुळे नाराज झाले आहेत, म्हणून माझी भूमिका एकदा सविस्तर मांडते.

पुण्यातील एका वस्तीत, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत, आम्ही काही जण मोफत सल्ला केंद्र चालवतो. तेथे येणाऱ्यांपैकी फार थोड्या लोकांना कोर्टात जायचे असते. बहुतेकांचा प्रश्न रेशनकार्डावर नाव चढवण्याचा, पेन्शन सुरू होण्याचा, घरमालकाने अडकवलेल्या डिपॉझिटचा किंवा मुलीच्या जातीच्या दाखल्याचा असतो. योजनेचे नाव त्यांना ठाऊक असते. बऱ्याचदा आमच्याआधी ठाऊक असते. अडते ते अर्ज खिडकीवर गेल्यानंतर, आणि नेमक्या त्या टप्प्यावर शिबिराचा मंडप केव्हाच उतरलेला असतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे उदाहरण घ्या. निराधार विधवेला त्यातून दरमहा 1,500 रुपये मिळतात, मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. पुण्यात दोन घरची धुणीभांडी करणारी बाई यापेक्षा अधिक कमावते आणि तरीही तिचे भागत नाही. मग कोणीतरी एजंट तिला सांगतो की उत्पन्न कमी लिहा, बाकीचे मी पाहून घेतो. आमच्या केंद्रात आम्ही खोटे उत्पन्न लिहून देत नाही, कारण पुढे पडताळणी झाली तर एजंट सापडत नाही, अंगठा मात्र तिचा असतो. पण हे तिला समोर बसून सांगणे फार जड जाते, आणि असली अट इतकी वर्षे चालू ठेवणाऱ्या शासनाचा राग मनातच गिळावा लागतो.

उत्पन्न अटीत बसले तरी काम संपत नाही. नवऱ्याच्या मृत्यूची नोंद सोलापूर जिल्ह्यातल्या गावी, रेशनकार्ड अजून सासूच्या नावावर, आधारवरचे नाव माहेरचे आणि जन्मसाल अंदाजाने टाकलेले, अशी कागदांची अवस्था असते. एकेक कागद दुरुस्त करायला वेगळे कार्यालय, वेगळी खिडकी आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी.

जातीच्या दाखल्यात तर माणसे थकून जातात. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, जातीचा व वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्या कुटुंबाच्या आजोबांनी शाळा पाहिली नाही, ज्यांचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर एका गावाहून दुसऱ्या गावाला जात होते, त्यांनी शाळेच्या निर्गम उताऱ्यावरची किंवा कोतवाल बुकातली (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली) नोंद आणायची कोठून? भटके असल्याबद्दलच मिळणाऱ्या सवलतीसाठी भटके एका जागी राहत होते असे सिद्ध करायचे, यातला विरोधाभास खिडकीमागच्या कारकुनालाही कळतो. त्याच्या हातात काही नसते, एवढेच. अशा प्रकरणात चुलत घराण्यातील कोणाच्या तरी नावाची जुनी नोंद शोधण्यात महिने जातात. हे काम माईकवरून होणारे नाही.

माझ्या मते सल्ला केंद्राचे सर्वांत मोलाचे काम अगदी किरकोळ दिसते: अर्जाची पोच घेणे. ‘पुढच्या आठवड्यात या’, ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘सर्व्हर डाऊन आहे’ या तोंडी उत्तरांविरुद्ध अपील करता येत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अधिसूचित (म्हणजे शासनाने यादीत जाहीर केलेल्या) सेवेच्या अर्जाची पोच मिळाली पाहिजे, ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली पाहिजे आणि अर्ज नाकारायचा तर कारण लेखी दिले पाहिजे. त्यानंतर पहिले अपील, दुसरे अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग अशी वाट मोकळी होते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही आहे. पण हा सगळा कायदा त्या शिक्क्याच्या कागदावर उभा आहे, आणि गरीब माणसाला तोच कागद मागायची भीती वाटते, कारण साहेब चिडले तर काम कायमचे अडेल असे त्याला वाटते. सोबत केंद्राचा कार्यकर्ता उभा असला की सहसा साहेब चिडत नाहीत. (जाता जाता: दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही बाहेर स्टॅम्प पेपर खपतोच.)

कोर्टाच्या कामासाठी शासनाची व्यवस्था कागदावर चांगली आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 चा. तो 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला. त्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाचा विचार न करता मोफत वकील मिळू शकतो, आणि 15100 हा मदतीचा क्रमांकही आहे. मात्र वकील नेमून मिळाला म्हणजे प्रकरण चालले असे होत नाही. तारीख लक्षात ठेवणे, कागद वेळेवर पोहोचवणे, घरच्यांच्या दबावाखाली बाई माघार घेत नाही ना हे पाहणे, यासाठी वकिलाव्यतिरिक्त आणखी एक माणूस लागतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जाची पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत ठेवावी असे 2005 चा कायदा म्हणतो. प्रत्यक्षातली तारीख मिळेपर्यंत ती बाई कोणाच्या घरी राहणार, याचे उत्तर आम्हाला त्याच संध्याकाळी शोधावे लागते.

काही वेळा योग्य सल्ला म्हणजे थांबणे हाही असतो. मुलाने घराबाहेर काढलेले आईवडील येतात. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या 2007 च्या कायद्याखाली त्यांना प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाह भत्त्याचा अर्ज करता येतो, दरमहा 10,000 रुपयांपर्यंत रक्कम मंजूर होऊ शकते, हे आम्ही समजावून सांगतो. सगळे ऐकून म्हातारी विचारते, ‘पण त्याला पोलीस नेणार नाहीत ना?’ तिची तयारी होईपर्यंत अर्ज लिहून फाईलमध्ये ठेवणे आणि तिला अधूनमधून विचारत राहणे, एवढेच आमच्या हातात असते.

आता पैशांचे. देणगीदारांना आणि सीएसआरवाल्यांना (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी देणाऱ्यांना) लाभार्थींची संख्या हवी असते. शिबिरात 200 जणांच्या सह्या झाल्या की 200 लाभार्थी, आणि वर्षभर पाठपुरावा करून एका बाईचे पेन्शन सुरू झाले तर एक. या हिशोबात आमच्यासारखी केंद्रे कायम तोट्यात दिसतात. त्यामुळे खोलीचे भाडे, झेरॉक्स आणि पूर्णवेळ कार्यकर्तीचा पगार यांना कोणी हात लावत नाही. फलक, खुर्च्या आणि नाश्ता यांना मात्र सहज पैसे मिळतात. वस्तीतच वाढलेली, सगळ्या खिडक्या पाठ झालेली अशी कार्यकर्ती पगाराअभावी मॉलमध्ये नोकरीला गेली की तिच्यासोबत निम्म्या फायलींची आठवण जाते.

म्हणून ज्यांना खरोखर मदत करायची आहे त्यांना माझी विनंती आहे की एका कार्यकर्तीचा वर्षभराचा पगार उचला. ते शक्य नसेल तर आठवड्यातली एक ठरावीक दुपार द्या. वकिली आलीच पाहिजे असे नाही. शासन निर्णय वाचता यावा, अर्ज सुवाच्य लिहिता यावा आणि ज्याची फाईल हातात घेतली त्याच्यासोबत पुढच्या तारखेलाही खिडकीवर उभे राहता यावे.