खुलासा: वर्डप्रेस प्लगइनचं प्रत्येक अपडेट तपासलेलं नसतं

‘वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीतल्या प्लगइनचं प्रत्येक अपडेट स्वयंसेवकांची टीम तपासते, बिनधास्त टाका’ असा मेसेज फिरतोय. (वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट बनवायचं-चालवायचं सॉफ्टवेअर, प्लगइन म्हणजे त्याला जोडायची जादा सोय.) तो अर्धाच खरा आहे.

टीम कोड वाचते ती प्लगइन पहिल्यांदा दाखल होताना: बाहेरून आलेला डेटा सॅनिटाइझ (घातक भाग काढून साफ) केलाय का, पानावर दाखवताना एस्केप (कोड म्हणून चालणार नाही असा) केलाय का, फॉर्मला नॉन्स (विनंती खरी आहे का हे ताडणारी खूण) आहे का, लायसन्स जीपीएलशी (मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याशी) जुळतं का. मंजुरीनंतर नवी आवृत्ती प्लगइनचा लेखक स्वतःच एसव्हीएनवर (कोडच्या आवृत्त्या साठवणाऱ्या प्रणालीवर) चढवतो. ती पुन्हा कुणी ओळीनओळ वाचत नाही. जून २०२४ मध्ये इथेच घात झाला. इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून काही लेखकांच्या खात्यांत शिरकाव झाला आणि ‘सोशल वॉरफेअर’सह काही प्लगइनांच्या अपडेटमधून नवा अ‍ॅडमिन तयार करणारा कोड साइटींवर पोचला. ऑक्टोबर २०२४ पासून लेखकांना टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरी पडताळणी) सक्तीचं आहे.

(प्लगइनच्या पानावरचा ‘टेस्टेड अप टू’, म्हणजे वर्डप्रेसच्या कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलं, हा आकडाही लेखकच रीडमी फाइलीत टाइप करतो, बरं का.)

म्हणून अपडेट बंद करू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. आधी बॅकअप घ्या, नंतर ‘युझर्स’मध्ये अनोळखी अ‍ॅडमिन दिसतो का ते बघा. तो मेसेज पुढे ढकलू नका. ढकलला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.