कंबरदुखी आहे म्हणून लग्नाला यायचं नाही?

निपाणीला भाचीचं लग्न ठरलंय. गेल्या आठवड्यात वहिनींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, बरेच दिवस सगळीकडे फिरतोय तोच. ‘जुनाट कंबरदुखी, संधिवात असणाऱ्यांनी प्रवास टाळावा. जावंच लागलं तर निघण्याआधी पेनकिलर घ्यावी, कमरेला पट्टा घट्ट आवळावा, पाणी कमी प्यावं आणि उतरेपर्यंत जागचं हलू नये.’ वहिनींनी तो माझ्या काळजीपोटी टाकला, हे मला ठाऊक आहे. पण अकरा वर्षं अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कण्याचा संधिवात, घेऊन मी बेळगाव-कोल्हापूर ये-जा करते. म्हणून उत्तर देते.

‘जागचं हलू नये’ हा सल्ला सगळ्यात वाईट, म्हणून आधी तोच. माझ्या आजारात कण्याच्या सांध्यांना सूज असते आणि दुखणं पडून-बसून राहिल्यानं वाढतं, हालचालीनं उतरतं. पहाटे अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावं लागतं, मग हाताचा रेटा देऊन बसावं लागतं. तासभर बसमध्ये अवघडून बसलं की तीच गत. संकेश्वरला गाडी थांबली की मी कंडक्टरला ‘स्वल्प तडीरी’ (थोडं थांबा) म्हणते आणि खाली उतरते. पहिली चार पावलं वाकूनच पडतात. मग दांडा धरून टाचा वर-खाली करायच्या, खांदे मागे न्यायचे, स्टँडच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. तेवढ्यानं पाठ पुन्हा माझी होते. दुखणं नसलेल्यांनाही हे लागू आहे. सलग चार तास किंवा जास्त बसून राहिलं तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्ये सांगितलं. निरोगी माणसात हा धोका मुळात कमीच, पण तो वाढतो न हलल्यानं.

पाणी कमी का प्यायचं, हे आम्हा बायकांना सांगावं लागत नाही. स्टँडवरच्या संडासाची अवस्था बघून आम्ही सकाळपासून घोटभर पाण्यावर निघतो. त्यात रिकाम्या पोटी डायक्लोफिनॅकसारखी पेनकिलर घेतली, तर पोट आणि किडनी दोन्हीवर ताण येतो. बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर आणखीच. मेसेजमध्ये हे दोन सल्ले एकत्रच आहेत, मला खरी भीती त्याचीच वाटली. गोळी डॉक्टरांनी सांगितलेलीच, खाऊन, ठरलेल्या वेळी घ्यायची. डायक्लोफिनॅक आणि असिक्लोफिनॅक एकाच जातीची औषधं आहेत. एकीनं भागलं नाही म्हणून दुसरी घ्यायची नाही. पाणी प्यायचं आणि वाटेत स्वच्छ सोय कुठे आहे ते आधी विचारून ठेवायचं. हे विचारायला लाजू नका.

पट्ट्याबद्दल थोडक्यात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य संस्थेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी पट्टा देऊ नये, असंच म्हटलंय. ऑपरेशन किंवा फ्रॅक्चरनंतर डॉक्टरांनी दिला असेल तर गोष्ट वेगळी. मी पंच्याची गुंडाळी करून कमरेच्या खळग्यात ठेवते.

आता मूळ मुद्दा, प्रवास टाळण्याचा. अंग सुजलंय, ताप आहे अशा दिवशी मीही निघत नाही. पाय एकाएकी लुळे पडले, जांघेत बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर गाडी थेट दवाखान्याकडे वळवायची. एरवी प्रवास सोसतो की नाही, ते तो कसा करता यावर आहे. मागच्या चाकावरची सीट नको, तिथे दणके जास्त, मधली घ्या. 11 जून 2023 ला शक्ती योजना आली. कर्नाटकातल्या बायकांना राज्यात साध्या बसला तिकिटाचे पैसे लागत नाहीत हे चांगलंच झालं, पण गर्दी वाढली. म्हणून मी वाटेतल्या थांब्यावर ताटकळत नाही, बस सुटते त्या स्टँडवर जाऊन जागा धरते. रेल्वेत 45 वर्षांच्या पुढच्या बायकांना खालच्या बर्थचा कोटा आहे, कितीतरी जणी तो मागतच नाहीत. बायोलॉजिकचं, म्हणजे सांध्यांची सूज आवरणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन सोबत असेल तर 2 ते 8 अंशांत ठेवा, पण बर्फाला टेकवू नका. गोठलेलं इंजेक्शन वापरता येत नाही. आणि पोहोचल्या पोहोचल्या कामाला जुंपून घेऊ नका. एक दिवस आधी जा.

घरी बसून राहिल्यानं माझी पाठ बरी झाली, असं या अकरा वर्षांत एकदाही घडलं नाही. दोन लग्नं आणि एक बारसं मात्र चुकलं. त्या बारशाचं बाळ आता शाळेत जातं.

वहिनी, हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी मी निपाणीत येते. निजायला गादी फार मऊ नको, आणि जेवायच्या पंगतीत मला खुर्ची ठेवा.