घोणस अळी म्हणे चावते!

पोळा झाला की आमच्या गावाच्या ग्रुपवर हा मेसेज हटकून येतो: "कपाशीवर नवीन अळी आली आहे, सापापेक्षा विषारी, चावली की पाच मिनिटांत माणूस खलास." खाली काटेरी अळीचा फोटो, शेजारी वावरात पडलेल्या दोन मृतदेहांचा. यंदा निंदणीला बाया यायला तयार नाहीत, म्हणून लिहितोय.

आधी मृतदेहांचं. तो फोटो २०२२ च्या सप्टेंबरातला, आपल्याच चाळीसगाव तालुक्यातला. ते दोघे वीज पडून गेले. आपल्याच जिल्ह्यातलं मरण, आणि आपणच ते अळीच्या नावावर खपवतोय.

"चावते" हेही खोटं. तिचं तोंड पान कुरतडण्यापुरतं. विष असतं अंगावरच्या पोकळ काट्यांत, तेही आपला हात लागला तरच टोचतात. मला एरंडाची पानं तोडताना मनगटाला लागली होती. विस्तव ठेवल्यासारखी आग, लाल गांधी, संध्याकाळपर्यंत ठणका. चिकटपट्टी लावून ओढली, काटे निघाले, मग बर्फ. चोळू मात्र नका, काटे आतच मोडतात. अंगभर पित्त उठलं किंवा दम लागला तर लगेच दवाखाना. असं काहींना मधमाशीनेही होतं.

नवीन तर ती मुळीच नाही. घोणस अळी म्हणजे एका पतंगकुळाची पिल्लं. पाय नावालाच, गोगलगायीसारखी सरकतात. त्यातली निळ्या पट्ट्यांची हिरवी पारासा लेपिडा आपल्याकडे आंब्यावर, एरंडावर पूर्वापार आहे. मादी पानामागे खवल्यांसारखी अंडी घालते. लहान अळ्या घोळक्यानं पान खरवडतात, मोठ्या झाल्या की पांगतात. मग खोडाला चिकटलेला टणक कोष, एखाद्या बीसारखा. त्याचं गोल झाकण ढकलून पतंग बाहेर येतो: हिरवे पंख, तपकिरी काठ. खायला तोंडच नाही, त्यामुळे आयुष्य थोड्या दिवसांचं. एवढ्याशा जिवाला आपण घाबरतोय!

कपाशीचं खरं दुखणं गुलाबी बोंडअळी. घोणस अळीच्या भीतीनं वावरभर फवारा मारला, तर हिच्या अंगात अंडी घालून हिला आवरणाऱ्या बारीक गांधीलमाश्याच आधी मरतील.

घोळ केलाय तो नावानं. खरी घोणस त्याच बांधावरच्या गवतात असते. परवा आमची पोरं अळी शोधायला निघाली, काठीनं एकेक पान उलटं करत, नजर वर, आणि गुडघाभर गवतात अनवाणी.