उरलेलं अर्धं कुणी खायचं?

वजन एकट्यानं उतरवायला जाऊ नका. त्यात धोका असा, की ते खरंच उतरू शकतं. रात्री ११ वाजता एकटा माणूस कपाट उघडतो, तेव्हा समोर वेफर्सचा पुडा असतो आणि इकडे त्याचा निश्चय. क्वचित का होईना, निश्चय जिंकतो. चौघं मिळून हे काम हाती घेतलं की ती भीती उरत नाही. चौघांचे निश्चय एकाच संध्याकाळी शाबूत असण्याचा योग सहसा येत नाही, आणि एकाचा ढळला की त्याला एकटं पाडणं बाकीच्या तिघांना बरं दिसत नाही. तेव्हा आधी माणसं जमवा.

निवड मात्र चोखंदळपणे करा. शिस्तीचा माणूस नको, आणि खाल्लेलं वहीत लिहून ठेवणारा तर नकोच नको. एक जण असा हवा, ज्याला दुसऱ्याला खाऊ घातल्याशिवाय चैन पडत नाही. दुसरा असा, जो "जाऊ दे रे, एका दिवसानं काय होतंय" हे वाक्य आठवड्याचे सातही दिवस तितक्याच जिव्हाळ्यानं म्हणू शकेल. तिसऱ्यानं आजवर निघालेला प्रत्येक आहार चार-चार दिवस करून पाहिलेला असावा. घरचा तज्ज्ञ लागतोच. चौथे तुम्ही.

संगतीच्या ताकदीबद्दल मनात शंका ठेवू नका. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या आरोग्य पाहणीतल्या १२,०६७ माणसांची १९७१ ते २००३ या काळातली माहिती तपासून २००७ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं, की एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला तर तो स्वतः लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या. वाण नाही पण गुण लागला म्हणतात, इथं थेट घेरच लागला.

माणसं जमली की उद्दिष्ट. ते किलोत असावं, गोल आकड्यात असावं आणि सगळ्यांना एकच असावं. महिन्याला १० किलो, उदाहरणार्थ. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी. १० किलोच्या झाल्या ७७,०००. त्या ३० दिवसांत वाटल्या तर रोजच्या अडीच हजारांच्या वर जातात. बहुतेकांचं शरीर दिवसभरात तेवढं जाळतच नाही, म्हणजे तोंडात काहीही न घालता राहिलात तरी थोडं देणं बाकीच. असं उद्दिष्ट असलं की दुसऱ्या आठवड्यातच सन्मानानं माघार घेता येते. आठवड्याला अर्धा किलो, असा भिकार आकडा कुणी सुचवलाच तर त्याला हसण्यावारी न्या. त्याला रोजची जेमतेम ५५० कॅलरींची तूट पुरते, आणि ती चुकून जमली तर पंचाईत.

टक्क्यांत तर मुळीच मोजू नका. ११० किलोच्या माणसाचा एक टक्का म्हणजे ११०० ग्रॅम, ६० किलोच्या बाईचा ६००. टक्क्यांत मोजलं की दोघं बरोबरीत येतात, चुरस टिकते आणि कुणी सोडून जात नाही. किलोत मोजलं की हलकं माणूस तिसऱ्या आठवड्यात "माझी शरीरप्रकृतीच तशी" म्हणत आपोआप गळतं.

पहिला आठवडा जोरात जाईल, त्याची काळजी नको. खाणं एकदम कमी केलं की शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेची बेगमी, वापरतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा संपला की तेही निघून जातं आणि काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो. हे पाणी आहे असं कुणी बोललं तर त्याला ग्रुपमधून काढा. लगेच फोटो टाका, अभिनंदनं घ्या आणि रात्री सगळे मिळून बाहेर जेवायला जा, म्हणजे साठाही भरेल आणि पाणीही परत येईल. नव्याचे नऊ दिवस ही म्हण शरीरानं आपल्याआधी वाचलेली दिसते.

वजन करण्याचंही एक शास्त्र आहे. काही रुक्ष माणसं रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काहीही खाण्याआधी, टणक आणि सपाट फरशीवर काटा ठेवून वजन करतात आणि सात दिवसांची सरासरी काढून ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघतात. त्यात काही नाट्य नाही. तुम्ही आठवड्यातून एकदाच, रविवारी भरपेट जेवल्यावर, गालिच्यावर काटा ठेवून, चारचौघांत वजन करा. वर चढताना घड्याळ काढा, चष्मा काढा, श्वास सोडा आणि एक बोट अगदी सहज भिंतीला टेकवा. बोटाचे तीनेकशे ग्रॅम कुठं गेले नाहीत.

आदल्या रात्री खारट खाल्लं असेल तर शरीर पाणी धरून ठेवतं आणि सकाळी काटा किलोभर वर जातो. बायकांना पाळीच्या आसपासही हाच अनुभव येतो. एका रात्रीत किलोभर चरबी चढायची तर गरजेपेक्षा ७,७०० कॅलरी जास्त खायला हव्यात, आणि ते भल्याभल्यांना जमणार नाही. हा हिशेब मात्र मांडत बसू नका. आकडा वाढला की म्हणा, "एवढं करून वाढलंच, मग उपाशी कशाला मरायचं?" घटला की म्हणा, "घटलंय, आता थोडं चालेल." दोन्ही वाटा वेफर्सपाशीच पोचतात, आणि रस्ते असे सोयीचे असावेत.

आता मुख्य विषय. चौघं बसला आहात, चहा आला आहे, मध्ये बिस्किटांची ताटली आहे. "नको, मी सोडलंय," असं चौघंही म्हणून झालं आहे. दोन मिनिटं कुणी ताटलीकडे बघत नाही, म्हणजे सगळे ताटलीकडेच बघत असतात. मग एक हात पुढे येतो, बिस्कीट उचलतो आणि विचारतो, "अर्धं घेतेस?" कट्‌कन आवाज होतो. बिस्कीट कधीच बरोबर मधे मोडत नाही, म्हणून मोठा तुकडा आग्रहानं दुसऱ्याला दिला जातो. त्यागाला इथून सुरुवात होते. दहा मिनिटांत चौघांनी मिळून पाच बिस्किटं मोडलेली असतात आणि एकही कुणी खाल्लेलं नसतं. ताटलीच्या कडेला एक अर्धं उरतं. ते कुणाचंच नसल्यामुळे त्यात कॅलरी नसतात. ताटली आत नेणारा ते स्वयंपाकघराच्या दारात, पाठ वळल्यावर तोंडात टाकतो. उभ्यानं खाल्लेलंही मोजत नाहीत.

दहाएक ग्रॅमच्या एका गोड बिस्किटात ४५ ते ५० कॅलरी असतात. अर्ध्यात २५ धरा. दिवसाला अशी चार अर्धी म्हणजे १००, महिन्याला ३,०००, म्हणजे जवळजवळ ४०० ग्रॅम चरबीची बेगमी. दोन अख्खी बिस्किटं खाणारा निदान ती लिहितो. चार अर्धी खाणाऱ्याच्या वहीचं पान कोरं राहतं आणि झोपही शांत लागते.

वहीचा विषय निघालाच आहे. १९९२ साली अमेरिकेत काही डॉक्टरांनी, काही केल्या वजन कमी होत नाही अशी तक्रार असलेल्या माणसांची कसून तपासणी केली. त्यांच्या शरीराचं जाळणं व्यवस्थित होतं. भानगड नोंदीत निघाली: सरासरीनं खाणं ४७ टक्के कमी सांगितलेलं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ती माणसं लबाड नव्हती. स्वयंपाक करताना चाखलेलं, मुलाच्या ताटात उरलेलं, पातेल्यात अंदाजानं ओतलेलं तेल कुणाच्याच लेखी खाण्यात जमा नसतं. एक मोठा चमचा तेल, १५ मिलिलिटर, सुमारे १२० कॅलरींचं असतं. म्हणून तेल नेहमी बाटलीतूनच ओता, चमच्यानं मोजलं की आकडा कळतो. आणि नोंद करायचीच असेल तर रात्री झोपताना, आठवून आठवून करा. खाण्याआधी लिहायची सवय फार घातक. पेन हातात घेतल्यावर भूक कमी होते.

घरात खाऊ कुठं ठेवायचा? काचेच्या बरणीत, टेबलावर, हाताच्या अंतरावर. वरच्या फळीवर, अपारदर्शक डब्यात ठेवला तर स्टूल आणावं लागतं, आणि स्टूल आणता आणता माणूस विचार करू लागतो. वाटीत काढून घेऊ नका, वाटीला तळ असतो. पुड्यातूनच खा, शक्यतो काहीतरी बघत. १०० ग्रॅम बटाटा वेफर्समध्ये सव्वापाचशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि पुडा संपल्याचं आपल्याला बोटं सांगतात, पोट नाही. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायला १५-२० मिनिटं लागतात, तोवर दुसरा पुडा फोडता येतो. तब्येतीला चांगलं म्हणून कुणी शेंगदाणे सुचवले तर उत्तमच. ३० ग्रॅम, म्हणजे एक आटोपशीर मूठ, १७० कॅलरींची असते. चांगल्या पदार्थाच्या मुठी मोजणं कृतघ्नपणा ठरेल.

खाण्याची तलफ एकटी सोडली तर चढते आणि साधारण पाव ते अर्ध्या तासात आपोआप ओसरते. म्हणून तिला एकटी सोडू नका. ग्रुपवर टाका: "मला आत्ता काहीतरी गोड हवंय." मिनिटभरात तीन केकचे फोटो येतील आणि जे एकाचं होतं ते चौघांचं होईल. या वेळात १५ मिनिटं भरभर चालून येणं, दात घासणं, नुसतं दुसऱ्या खोलीत जाऊन बसणं, "आता नाही, साडेपाचला खाईन" म्हणून घड्याळ बघणं, हे सगळं टाळा. विशेषतः ते शेवटचं. साडेपाच वाजतात तेव्हा निम्म्या वेळा काय हवं होतं तेच आठवत नाही, आणि संध्याकाळ फुकट जाते.

तलफ नीट पेटावी म्हणून दिवसभर तयारी लागते. सकाळी न्याहारीला सुट्टी, दुपारी नुसती काकडी. प्रथिनं आणि तंतुमय पदार्थ पोटात गेले तर भूक उशिरा लागते, ते दूर ठेवा. संध्याकाळी सहाला हात थरथरू लागले की समजा, मैदान तयार आहे. रात्री दीड-दोनपर्यंत जागा, त्यासाठी ग्रुप आहेच. झोप कमी झाली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं, आणि दुसऱ्या दिवशी जिभेला गाजर नको होतं.

व्यायामही एकत्रच करा. ७० किलोचं माणूस अर्धा तास बऱ्यापैकी चाललं की १२५ ते १५० कॅलरी खर्च होतात. चालण्याच्या वाटेवर बसून खायची जागा हवी. "आज कमावलंय" म्हणत केकचा एक तुकडा घ्या, त्यात सहज ३०० असतात. पोट भरलंय असं वाटलं तरी गोडाला पोटात वेगळी जागा असते. ही नुसती थापही नाही: एका चवीला कंटाळलेली जीभ दुसऱ्या चवीला पुन्हा ताजीतवानी होते. म्हणून टेबलावर एकच पदार्थ कधीही ठेवू नका.

एका गोष्टीपासून मात्र जपा. १९६१ साली न्यू यॉर्कमधल्या क्वीन्स भागात जीन नायडेच नावाची बाई राहत होती. वजन ९७ किलो. चॉकलेटची बिस्किटं ती न्हाणीघरातल्या मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपवून खायची. इथवर सगळं रीतसर होतं. मग तिनं सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि टोपलीतली बिस्किटं कबूल करून टाकली. खरा आकडा, खरं ठिकाण. मैत्रिणीही आपापले लपवलेले डबे सांगू लागल्या, दर आठवड्याला जमू लागल्या आणि वजनं उतरू लागली. दोन वर्षांत त्यातून वेट वॉचर्स ही संस्था उभी राहिली. तुमच्या बैठकीत कुणी "काल मी अख्खा पुडा खाल्ला, सव्वानऊला, गॅलरीत उभं राहून" असं तपशिलात बोलू लागलं तर तिथंच थांबवा. "अगं, चालतं!" म्हणा, पाठीवरून हात फिरवा, चहा टाका. काय खाल्लं, किती, कशानंतर, हे प्रश्न विचारले की पुढच्या वेळी तो पुडा सव्वानऊला घरात नसतो.

एवढं करूनही चौघांत एखादी निघते. दोन महिन्यांत चार किलो, गाजावाजा नाही, ग्रुपवर फोटो नाही. तिला सांभाळून घ्या. "किती उतरलीस! बरं नाही का?" असं विचारा. चेहरा ओढल्यासारखा दिसतो, हे सांगा. तिचा वाढदिवस लक्षात ठेवा आणि केक मोठा आणा. आणि चहाला बसलात की बिस्कीट मोडून मोठा तुकडा तिच्यापुढे धरा. ती "नको" म्हणाली तर वाद घालू नका. पण तो ताटलीतही परत ठेवू नका, मऊ पडेल.