दुपारची वीज नव्हे, रात्रीची मागा

आरशांनी ऊन एकवटून वाफेवर वीज करायचा विषय निघाला, की भारतातल्या चर्चेत पहिला प्रश्न येतो: पॅनल इतकी स्वस्त असताना हा खटाटोप कशाला? दुपारच्या विजेपुरता तो रास्तच आहे. पण राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या टप्प्यातल्या आरशांच्या ४७० मेगावॅटपैकी नोख, धुरसर आणि अनंतपूर इथे जे उभं राहिलं, त्यात उष्णता साठवायची टाकीच नव्हती. मग पॅनलशी दुपारीच गाठ पडणार आणि हार होणार. मी तरी दोष निविदेला देईन, आरशांना नाही.

इथे स्पेनमध्ये, सेव्हिलजवळ, हेमासोलार हा प्रकल्प २०११पासून उभा आहे: भोवतीचे आरसे एका मनोऱ्याच्या टोकावर ऊन एकवटतात. क्षमता जेमतेम १९.९ मेगावॅट, पण टाकीत १५ तासांची उष्णता. ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट या क्षारांच्या मिश्रणाचा, म्हणजे वितळलेल्या मिठाचा, रस मनोऱ्यावर चढतो तेव्हा २९० अंश सेल्सिअस असतो, उतरतो तेव्हा ५६५. रात्री त्याच रसावर वाफ करून टर्बाइन फिरवायचं.

खरी डोकेदुखी या मिठाचीच. २४० अंशांच्या आसपास त्यात खडे धरू लागतात, २२०च्या सुमारास ते दगड होतं. म्हणून संध्याकाळी मनोऱ्यावरच्या नळ्या उतारावरून टाकीत रिकाम्या कराव्या लागतात आणि बाकीच्या पाइपांना विजेच्या तारा गुंडाळून ऊब द्यावी लागते. एका व्हॉल्व्हवरची तार जळाली, की तिथे बूच बसतं. ते मधूनच तापवलं तर वितळणारं मीठ फुगतं, त्याला वाट मिळत नाही आणि पाइप फाटतो. मोकळ्या टोकापासूनच वितळवत यायचं, कितीही वेळ लागला तरी.

पण स्पेनचा आराखडा थरच्या वाळवंटात जसाच्या तसा नेऊ नये. आरशांना फक्त थेट ऊन एकवटता येतं. धुळीने विखुरलेला उजेड पॅनलला चालतो, आरशांना नाही. उपग्रहाच्या अंदाजावर न विसंबता आधी किमान वर्षभर जागेवर पायरहेलिओमीटरने, म्हणजे थेट ऊन मोजणाऱ्या यंत्राने, मोजमाप हवं. पाणी कमी, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करणारा कंडेन्सर हवेवर थंड करावा लागणार आणि ४५ अंशांच्या दुपारी टर्बाइनची ताकद घटणार. रात्री हवा निवते, घट कमी होते. साठवणीचा हा फायदा चर्चेत फारसा येत नाही.

पुढच्या निविदेत मेगावॅटऐवजी सूर्यास्त ते मध्यरात्र किती युनिट देणार, ते विचारा.