चाकं मोजून लायसन्स ठरत नसतं, भाच्या

माझ्या पहिल्या लायसन्सवर वाहनाच्या प्रकारापुढं 'इन्व्हॅलिड कॅरेज' असं छापलेलं होतं. साल 2003. एका नाक्यावर हवालदारानं गाडी बाजूला घ्यायला लावली, लायसन्स उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "अहो, हे तर इन्व्हॅलिड आहे. इथंच लिहिलंय." त्याला समजावता समजावता माझी पंधरा मिनिटं गेली. साहेब, इन्व्हॅलिड मी आहे, लायसन्स नाही! शेवटी तोही हसला, मीही हसलो. घरी येऊन मात्र हसू आलं नाही. पोलिओ दीड वर्षाचा असताना झाला, तो काय मी फॉर्मवर भरायला मागून घेतला होता?

2019 च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यातून तो शब्द काढला. आता 'अडॅप्टेड व्हेइकल' म्हणतात, म्हणजे चालवणाऱ्याच्या शरीराप्रमाणं बदलून घेतलेलं वाहन. एवढ्या एका शब्दासाठी मी त्या दुरुस्तीला शंभरपैकी दहा मार्क जास्त देतो. दंड वाढवले म्हणून बाकीच्यांनी तिला काय शिव्या द्यायच्या त्या द्याव्यात.

आज लिहायला बसलो त्याचं कारण माझा भाचा. वय बावीस. बार्शीच्या मार्केट यार्डातून भाजी उचलून आसपासच्या गावांत पोचवायचा धंदा त्यानं सुरू केला आणि त्यासाठी एक जुना इलेक्ट्रिक लोडर घेतला. तीन चाकी, पुढं स्कूटरसारखं हँडल, मागं हौदा. मी विचारलं, "लायसन्स?"

"आहे की मामा. टू-व्हीलरचं."

"ते चालत नाही रे."

"तुमचं कसं चालतं मग? तुमच्या स्कूटरला तर चार चाकं आहेत. माझ्याला तीनच."

आता याला काय उत्तर द्यायचं! खरंच आहे. माझ्या स्कूटरला मूळची दोन आणि मागं दोन्ही बाजूंना मिस्त्रीनं बसवलेली दोन, अशी चार चाकं आहेत. चाकांच्या हिशेबानं मी कारवाला झालो. एवढ्यावर तो थांबला नाही. म्हणाला, "आणि नियम पण बदललाय. सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, साध्या लायसन्सवर रिक्षा, टेम्पो सगळं चालतं. ग्रुपवर आलंय."

या गोंधळात तो एकटा नाही. आमच्या भागात निम्मी पोरं याच समजुतीवर फिरतायत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोर्टानं सांगितलंय ते खरं आहे. 6 नोव्हेंबर 2024 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला, की ज्याच्याकडं हलक्या मोटार वाहनाचं, म्हणजे एलएमव्हीचं लायसन्स आहे, तो साडेसात हजार किलोच्या आतलं मालवाहू किंवा प्रवासी वाहनही चालवू शकतो. त्यासाठी लायसन्सवर 'ट्रान्सपोर्ट'चा वेगळा शिक्का लागत नाही. 2017 मध्ये तीन न्यायमूर्तींनी हेच सांगितलं होतं. विमा कंपन्यांना ते पटलं नाही, वाद पुढं गेला, आणि घटनापीठानंही तेच कायम ठेवलं. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याच्यासाठी चांगलाच निकाल आहे. कारचं लायसन्स असलेला माणूस छोटा हत्ती चालवतो आणि अपघात झाला की विमा कंपनी 'शिक्का नाही' म्हणून हात वर करते, हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

पण गंमत 'साधं लायसन्स' या शब्दात आहे. कोर्टातल्या वकिलाचं साधं लायसन्स म्हणजे कारचं. आमच्या गावातलं साधं लायसन्स म्हणजे मोटारसायकलचं! शहरातून निघालेली बातमी तालुक्याला पोचेपर्यंत तिची दोन चाकं कमी झाली.

कायद्यात मोटारसायकलची व्याख्या अगदी सरळ आहे. कलम 2, पोटकलम 27. मोटारसायकल म्हणजे दोन चाकी मोटार वाहन, आणि साइडकार जोडलेली असेल तर तिचं जादा चाक धरून. म्हणजे मोटारसायकलच्या लायसन्सवर तिसरं चाक चालतं ते एवढंच, साइडकारचं. लोडर त्यात बसत नाही. ॲपे बसत नाही. आणि बाइकचं पुढचं धड कापून मागं हातगाडी जोडलेली ती जुगाड गाडी, जिच्यावर कांदे-बटाटे विकत फिरतात, ती तर कशातच बसत नाही. रिक्षात प्रवासी घ्यायचे तर परमिट आणि बॅजचं वेगळंच पुराण आहे, त्यात आज शिरत नाही.

भाच्यानं हे सगळं मान हलवत ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी लोडर घेऊन गेला.

तिसऱ्या आठवड्यात तुळजापूरच्या घाटात उतरणीच्या वळणावर लोडर आडवा झाला. हौद्यात टोमॅटोचे क्रेट, एकावर एक चार थर. समोर कुणी नव्हतं हे नशीब. भाच्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, टोमॅटोचा रस्ताभर चिखल. गाडीच्या दुरुस्तीचा विमा मागायला गेला तर कंपनीनं लायसन्सची झेरॉक्स पाहिली आणि कागद परत केले. चाळीस हजारांचा खड्डा. ताईनं पाटल्या सोनाराकडं ठेवल्या.

आणि हे स्वस्तात सुटलं. समोरून येणाऱ्या कुणाला लागलं असतं तर? अशा वेळी कोर्ट बऱ्याचदा विमा कंपनीला सांगतं, जखमीला आधी पैसे द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा. जखमीच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. पण ती वसुली भाच्याच्या नावावर असती, लाखांत असती, आणि पाटल्यांवर भागली नसती. विनालायसन्स चालवल्याचा दंड कायद्यात पूर्वी पाचशे होता, 2019 पासून पाच हजार झाला. लोक त्या पाच हजारांना घाबरतात. खरी भीती त्या वसुलीची पाहिजे.

पण मला बोलायचंय ते वेगळंच. लोडर का पडला?

दवाखान्यात त्याला विचारलं, नेमकं काय झालं सांग. म्हणाला, "मामा, मी तर वळणात नेहमीसारखा कललो होतो. हँडल पण नेहमीसारखंच दाबलं. गाडी उलटीकडंच गेली."

हे वाक्य ऐकलं आणि मला वीस वर्षांपूर्वीचा मी आठवलो. पाय असा असूनही कॉलेजात मी मित्रांच्या स्कूटर चोरून चालवायचो, त्यामुळं हाताला दोन चाकांची सवय होती. मग जुनी किनेटिक होंडा घेतली. ती का, तर पायाला काहीच काम नाही; किक नको, गिअर नाही, दोन्ही ब्रेक हातात. सोलापुरात मिस्त्रीकडून साइड व्हील बसवून घेतली आणि पहिल्याच वळणावर सरळ एका चहाच्या टपरीच्या बाकड्यावर गेलो.

दोन चाकी वेगात असते तेव्हा उजवीकडं वळायला आपण उजवं हँडल किंचित पुढं ढकलतो. बहुतेकांना आपण हे करतो याचा पत्ताच नसतो, पण हात ते शिकलेले असतात. तसं ढकललं की गाडी उजवीकडं कलते आणि कलली की वळते. माणूस, गाडी, ओझं सगळं एकत्र वळणाच्या आत झुकतं, म्हणून पडत नाही. तीन चाकी कलतच नाही. तिथं उजवं हँडल पुढं ढकललं की पुढचं चाक डावीकडं वळतं आणि गाडी गुमान डावीकडं जाते. म्हणजे वर्षानुवर्षं मुरलेली सवय नेमकी उलट्या दिशेनं काम करते, आणि तीही घाबरलेल्या क्षणी, जेव्हा डोकं नाही, हातच निर्णय घेतात.

त्यात पुढं एकच चाक. गाडी उभी राहते ती त्रिकोणावर, आणि त्या त्रिकोणाचं टोक पुढं. वळणात ब्रेक मारला की सगळं वजन त्या टोकाकडं धावतं, जिथं आधार सगळ्यात अरुंद. वर टोमॅटोचे चार थर. मग काय होणार?

माझ्या गाडीचं दुखणं आणखी निराळं. रस्त्याला मध्ये खड्डा असला की बाजूची दोन चाकं काठांवर टेकतात आणि मधलं, इंजिनचं चाक हवेत फिरत राहतं. गाडी जागेवर गुरगुरते, मी वर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडं पाहतो. कुणीतरी ढकलतं. हे कुठल्याही परीक्षेत विचारत नाहीत.

माझा मावसभाऊ इंग्लंडात लेस्टरला असतो. तो एकदा जुन्या गाड्यांच्या मेळाव्यातून मला व्हिडिओ कॉल करून एक गाडी दाखवत होता. रिलायंट रॉबिन. चेहरा कारचा, पुढं एकच चाक, अंग फायबरचं. टॅमवर्थ नावाच्या गावात बनायची, 1973 पासून. तिथं जुना नियम असा होता की आठ हंड्रेडवेट, म्हणजे साधारण चारशे किलोच्या आतली तीन चाकी मोटारसायकलच्या लायसन्सवर चालायची आणि तिचा रस्ता करही कमी. त्यामुळं ज्यांनी कारची परीक्षा कधी दिलीच नाही अशा बाइकवाल्या कुटुंबांना पावसापासून डोकं झाकणारी गाडी मिळाली. भाच्याला दाखवली असती तर म्हणाला असता, बघा मामा, इंग्लंडात चालतं!

तिथंही नियम बदलले. 19 जानेवारी 2013 पासून तीन चाकी सरळ मोटारसायकलच्या वर्गांत घातल्या. 15 किलोवॅटपर्यंतच्या छोट्या वर्गात, त्याहून ताकदवान मोठ्या वर्गात. आणि गंमत अशी, की धडधाकट माणसाला तो वर्ग मिळवायचा तर परीक्षा दोन चाकांवरच द्यावी लागते. तीन चाकीवर शिकायची आणि परीक्षा द्यायची मुभा फक्त माझ्यासारख्यांना. म्हणजे जे वाहन कलत नाही ते चालवण्यासाठी आधी कलायला शिकून दाखवा! मावसभाऊ म्हणाला, "इकडं सगळं शास्त्रशुद्ध असतं." मी म्हटलं, "हो का?"

आमच्याकडं त्याचंच दुसरं टोक. तीन चाकी चालवायची तर एलएमव्ही काढा, आणि एलएमव्हीची परीक्षा द्या ड्रायव्हिंग स्कूलच्या कारवर. ज्यानं आयुष्यात हँडलवर वळण घेतलं नाही, फक्त स्टिअरिंग फिरवलं, त्याला उद्या हँडलचा भरलेला लोडर घाटात न्यायला कायद्यानं पूर्ण परवानगी. त्यांनी बाइककडून उधार घेतलं, आपण कारकडून. तीन चाकीची स्वतःची परीक्षा घ्यायला कुणी तयार नाही.

नाही म्हणायला ई-रिक्षासाठी 2014 च्या नियमांत किमान दहा दिवसांचं प्रशिक्षण लिहिलेलं आहे. तुमच्या ओळखीच्या ई-रिक्षावाल्याला विचारा, दहा दिवस कुठं गेला होतास. तो हसेल.

बरं, वाहनं आता अशी येतायत की चाकं मोजणंच बंद करावं लागेल. 2024 च्या जानेवारीत हिरोनं एक गाडी दाखवली, 'सर्ज एस 32'. तीन चाकी मालवाहू, आणि तिच्याच पोटातून स्कूटर बाहेर निघते, तीन मिनिटांत म्हणे. दिवसा माल पोचवा, संध्याकाळी स्कूटर काढून फिरायला जा. भाच्यानं मला व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, हिला कोणतं लायसन्स? अर्धं?" हाड मोडलं तरी जीभ शाबूत आहे.

तर माझं म्हणणं एवढंच, की मोटारसायकलच्या लायसन्सवर तीन चाकी चालू देऊ नये. हे चार चाकांची स्कूटर चालवणारा सांगतोय म्हणून हसू नका. माझ्या लायसन्सची परीक्षा मी माझ्याच गाडीवर दिली होती. आरटीओच्या शिबिरात साहेबांनी माझी साइड व्हील हलवून पाहिली, मला मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या, ब्रेक मारून दाखव म्हणाले. अपंग म्हणून का होईना, जे चालवणार त्याच्यावर परीक्षा झाली. हाच न्याय धडधाकटांना का नाही? अर्धा तास लागेल. रिकामी गाडी, भरलेली गाडी, एक उतार, एक वळण.

यावर कुणी म्हणेल, पोरांच्या पोटावर कशाला पाय देता, आधीच एजंटाला पैसे, शिबिराच्या तारखा, त्यात आणखी एक परीक्षा. बरोबर आहे. म्हणूनच म्हणतो, जादा फी नको, जादा कागद नको. त्याच दिवशी, त्याच मैदानावर, त्याच्याच गाडीवर घ्या. एजंटाची पायरी मात्र काढून टाका. ती निघणार नाही हे मलाही माहीत आहे.

हाड जुळल्यावर भाच्यानं एलएमव्हीचं शिकाऊ लायसन्स काढलं, महिना थांबला, गेल्या मंगळवारी पक्क्याची परीक्षा झाली. ड्रायव्हिंग स्कूलच्या कारमध्ये. पुढं गेला, मागं आला, पाच मिनिटांत खाली उतरला. संध्याकाळी पेढे घेऊन घरी आला.

"मामा, झालो पास. आता लोडर कायद्यानं चालतो माझा."

"चालतो. लायसन्स कधी हातात?"

"पोस्टानं येईल आठवड्यात."

"मग पुढच्या रविवारी सहाला कॉलेजच्या मैदानावर ये. लोडर रिकामा आण."

"आणि क्रेट?"

"क्रेट दुपारनंतर. आधी एक थर."